नोकरी सुटल्यावर घरी काय सांगावे?

कोथरूड येथे पौड रस्त्याच्या बाजूस भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा एक तरुण आमच्या चांगल्या ओळखीचा आहे. तो मूळचा अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यातला. त्याचे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांनी पोटास चिमटा घेऊन मुलास अभियांत्रिकीचे शिक्षण दिले, आणि आठ वर्षांपूर्वी त्यास हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. दुसऱ्यांनी तयार केलेल्या कामात कोठे चूक राहिली आहे ती शोधून काढणे, हा त्याचा व्यवसाय. त्याची पत्नी एका खाजगी प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचे काम करते. २०२५ च्या पावसाळ्यात तिला सातवा महिना लागला, आणि त्याच आठवड्यात तरुणाची नोकरी गेली.

हकीकत थोडक्यात अशी. सकाळी अकरा वाजता त्यास एका लहान खोलीत बोलावण्यात आले. तेथे दोन अधिकारी बसले होते. त्यांपैकी एकास त्याने पूर्वी कधी पाहिलेही नव्हते. कंपनीस आता इतक्या माणसांची गरज उरली नाही, तुमच्या कामाविषयी आमची तक्रार नाही, असे सौम्य शब्दांत सांगून त्यांनी त्याच्यापुढे एक कागद ठेवला. मी खाजगी कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे, असा त्यावर मजकूर होता. सही केली तर दोन महिन्यांचा पगार मिळेल. न केली तर पुढे दुसरीकडे काम मिळावयास अडचण पडेल, असेही सुचविण्यात आले. विसाव्या मिनिटास त्याने सही केली. ओळखपत्र व लॅपटॉप तेथेच ठेवून घेण्यात आला.

तो घरी गेला तो नेहमीच्या वेळी, संध्याकाळी साडेसात वाजता. दुसऱ्या दिवशी पत्नीने नेहमीप्रमाणे डबा भरून दिला, आणि तो नेहमीप्रमाणे बाहेर पडला. वनाज स्थानकावर मेट्रोत बसून तो रामवाडीस गेला, तेथून परत आला, पुन्हा गेला. डबा त्याने एका बागेतील बाकावर बसून खाल्ला. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी तो आमच्याकडे आला व त्याने दोन गोष्टी मागितल्या. कोठे काम असल्यास कळवावे ही एक. आणि पत्नीस यातील एक शब्दही कळू देऊ नये ही दुसरी. दिवस भरत आलेल्या बाईस धक्का बसू नये, बाळंतपण सुखरूप पार पडले म्हणजे मी स्वतःच सांगेन, असे तो म्हणाला.

आम्ही त्यास होकार दिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते, आणि आम्हांस तो होकार दयेचा वाटला. या लेखाचे निमित्त तो आमचा होकार आहे. तो चुकीचा होता, असे आज आमचे मत आहे, आणि तो का चुकीचा होता याचा विचार वाचकांबरोबर करावा, असा आमचा हेतू आहे. कारण ज्यांचे मुलगे, जावई, पुतणे पुण्यामुंबईस नोकरीस आहेत, अशी घरे आता आपल्या प्रत्येक गावी आहेत, आणि हा प्रसंग त्यांपैकी कोणत्याही घरावर येण्यासारखा आहे. २०२५ च्या जुलै महिन्यात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या मोठ्या कंपनीने आपल्या सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक माणसांस कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा ती बातमी खेड्यांतूनही वाचली गेली. आमचा तरुण त्या कंपनीतला नव्हे. पण त्या दिवसांत कोथरूडच्या कित्येक घरांत रात्री दिवा उशीरापर्यंत जळत होता, एवढे आम्ही पाहिले आहे.

गर्भारशीस वाईट बातमी सांगू नये, ही चाल आपल्याकडे जुनी आहे, आणि ती निव्वळ अडाणीपणाची आहे असे आम्ही म्हणणार नाही. तिच्यामागे माया आहे. डॉक्टरही आईने शांत असावे असेच सांगतात. जी गोष्ट सांगून काहीच होण्यासारखे नाही, दूरच्या कोणा आप्ताचे मरण किंवा भाऊबंदकीतील भांडण, ती चार आठवडे मागे ठेवली तर त्यात पाप आहे असे आम्हांस वाटत नाही. मौन आणि असत्य या दोहोंत अंतर आहे, आणि शहाणी माणसे ते अंतर ओळखून वागतात.

परंतु नोकरी गेल्याची गोष्ट त्या जातीची नाही. ती मागे ठेवावयाची म्हणजे नुसते गप्प बसून भागत नाही, तिच्यासाठी रोज काहीतरी करावे लागते. रोज सकाळी खोटे निघावे लागते. कामाचे कसे काय चालले आहे, या प्रश्नास रोज रात्री एक नवे उत्तर रचावे लागते. पहिल्या दिवशी जे मौन असते ते दुसऱ्या दिवशी नाटक होते, आणि आठव्या दिवशी त्या नाटकात पत्नीने भरून दिलेला डबाही एक सोंग होऊन बसतो. हे सर्व कोणाच्या रक्षणासाठी, असा प्रश्न त्या तरुणाने स्वतःस विचारला असता तर उत्तर मिळणे कठीण नव्हते. पत्नीस धक्का बसेल ही भीती खरी होती. पण तिच्या आड दुसरी एक भीती लपलेली होती. तिच्या दृष्टीने आपण लहान होऊ, ही ती भीती. मनुष्य आपल्या लाजेस दुसऱ्याच्या प्रकृतीचे नाव देतो, आणि मग त्यास स्वतःचीही फसवणूक कळेनाशी होते.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. ज्या स्त्रीपासून हे लपविले जात होते, ती त्याच दिवसांत तीन निर्णय करीत होती. बाळंतपणासाठी तिने एक खाजगी हॉस्पिटल ठरविले होते व स्वतंत्र खोलीसाठी नाव नोंदविले होते. तो खर्च पतीच्या कंपनीने काढलेल्या विम्यातून भागेल असा तिचा हिशेब होता. कंपनीच्या सामूहिक विम्याचा आधार बहुधा नोकरीबरोबरच संपतो, आणि नवा विमा घेतला तरी बाळंतपणाचा खर्च त्यातून लगेच मिळत नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. दुसरे, घरात पाळणा, कपाट व बाळाचे इतर सामान घ्यावयाचे चालले होते. तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर होती. मूल वर्षाचे होईपर्यंत आपण घरी राहावे, पतीच्या पगारात भागेल, असे दोघांनी पूर्वीच ठरविले होते, आणि त्याप्रमाणे तिने प्रयोगशाळेतील नोकरीचा राजीनामा लिहून ठेवला होता. महिनाअखेरीस तो द्यावयाचा होता.

दहा किंवा अधिक माणसे कामास असलेल्या ठिकाणी नोकरी करणाऱ्या स्त्रीस, आधीच्या बारा महिन्यांत तिने ऐंशी दिवस काम केले असल्यास, पहिल्या दोन बाळंतपणांत सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळण्याचा हक्क आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन बारा आठवड्यांचे सव्वीस झाले, आणि त्यांपैकी आठ आठवडे बाळंतपणापूर्वी घेता येतात. या रजेवर असताना किंवा रजेच्या कारणावरून तिला कामावरून काढता येत नाही. म्हणजे त्या घरात त्या घडीस जी एक मिळकत कायद्याच्या आधाराने उभी होती, ती पत्नीची होती. आणि पत्नी अज्ञानात राहून ती स्वतःच्या हाताने सोडून देणार होती. पती हे पाहत होता व गप्प होता. त्याच्या मायेचे हे फळ. जिला सत्य ठाऊक नाही तिच्याकडून निर्णय घेतला जाऊ देणे म्हणजे डोळे बांधून तिला जिन्यावरून उतरू देणे होय, मग बांधणारा हात कितीही प्रेमळ असो.

येथे त्या पहिल्या कागदाकडे परत गेले पाहिजे. तरुणाने असत्य सांगावयास घरी आरंभ केला असे आम्ही म्हटले, पण ते सर्वस्वी बरोबर नाही. त्याच्या तोंडी पहिले असत्य घालण्यात आले ते त्या वीस मिनिटांत. ज्यास काढून टाकण्यात आले त्याने 'मी स्वखुशीने जातो' असे लिहून द्यावे, ही रीत आपल्या शहरांतील अनेक कचेऱ्यांत पडली आहे. ती रीत निर्हेतुक नाही. कामगारास कमी करावयाचे झाल्यास एक महिन्याची नोटीस व नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यावे, असा निर्बंध १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होता, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही तो राखला आहे. शिवाय कमी केलेल्या कामगारास नवे कौशल्य शिकता यावे म्हणून मालकाने आणखी पंधरा दिवसांचे वेतन एका निधीत भरावे, असे या संहितेत सांगितले आहे. कायद्याच्या व्याख्येत सर्वच नोकर कामगार ठरत नाहीत, ही अडचण आहे खरी. पण जो स्वतःच राजीनामा देतो त्याच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. तेव्हा असा कागद पुढे आला असता त्याच बैठकीत सही करू नये, घरी नेऊन वाचतो असे म्हणावे, प्रत मागावी, आणि कामगार आयुक्तांच्या कचेरीत किंवा जाणत्या वकिलाकडे विचारपूस करावी, असे आमचे सांगणे आहे. पाच वर्षे नोकरी झालेल्या मनुष्यास ग्रॅच्युइटी मिळते, ती राजीनामा दिला तरी बुडत नाही. आमच्या तरुणास हेही ठाऊक नव्हते.

पण पैशाहून आम्हांस त्या शब्दाचे वाईट वाटते. 'मला काढले' हे वाक्य दुःखाचे आहे, तरी त्यात सांगणाऱ्याचा दोष नाही. 'मी सोडली' हे वाक्य घेऊन जो घरी येतो, त्यास का सोडली या प्रश्नाचे उत्तर रचणे भाग पडते, आणि तेथून पुढचा सर्व गुंता सुरू होतो.

आता तो गुंता कसा सुटला ते सांगतो. अकराव्या दिवशी आम्ही काही कामानिमित्त त्यांच्याकडे गेलो होतो. जेवणाची वेळ झाली म्हणून त्यांनी राहवून घेतले. ताटे वाढून झाल्यावर ती मुलगी आम्हांस म्हणाली, "पाळकसाहेब, तुमचा एक सल्ला हवा आहे. प्रयोगशाळेचा राजीनामा मी उद्या देऊ, की थोडे थांबू?"

तरुणाने मान खाली घातली. आम्ही काहीतरी बोललो; काय बोललो ते आता आठवत नाही, आणि आठवत नाही याचा अर्थ ते सांगण्यासारखे नव्हते. तिने आमच्याकडे क्षणभर पाहिले व शांतपणे म्हटले, "ह्यांच्या गळ्यात अकरा दिवस झाले ओळखपत्र नाही. त्या पट्ट्याशिवाय हे कधी घराबाहेर पडले नाहीत. मला पहिल्याच सकाळी कळले. हे स्वतः सांगतील म्हणून मी वाट पाहत होते."

ती सर्व काळ जाणून होती. त्यास लाज वाटू नये म्हणून ती गप्प होती, आणि तिला धक्का बसू नये म्हणून तो गप्प होता. दोघे एकाच खोलीत, एकमेकांवर दया करीत, अकरा रात्री जागे होते. ज्या शांततेसाठी हे सर्व चालले होते ती शांतता त्या घरात एक दिवसही नव्हती. राहता राहिलो आम्ही. आमची जागा त्या ताटावर फार अवघड झाली होती, आणि ती तशी होणे न्याय्य होते. ज्यास दोन्ही बाजूंनी विश्वासाने बोलावले जाते त्याने एका बाजूचे गुपित दुसरीविरुद्ध राखावयाचे वचन देऊ नये, एवढे शहाणपण आम्हांस वीस वर्षे हे काम केल्यावर त्या दिवशी आले. आम्ही तिची क्षमा मागितली. तिने आमच्या ताटात आणखी भात वाढला.

राजीनामा तिने दिला नाही.

त्यानंतरचा प्रश्न वेगळा आहे, पण त्याचा धागा याच प्रश्नाशी जोडलेला आहे. पुढे कोणते काम धरावे? तरुणाच्या मनात पुष्कळ दिवसांपासून शिक्षक व्हावे असे होते. वडिलांच्या फळ्यासमोर तो लहानाचा मोठा झाला. कॉलेजात असताना सुटीत गावच्या मुलांस गणित शिकवीत असे, आणि त्या दिवसांविषयी बोलताना त्याचा चेहरा जसा उजळे तसा हिंजवडीच्या कामाविषयी बोलताना कधी उजळला नाही. नोकरी गेलीच आहे तर हीच वेळ, असे त्याच्या मित्रांनी सांगितले. सासरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितले, मूल होणाऱ्याने असले विचार मनात आणू नयेत. जे काम पहिल्याने मिळेल ते घ्यावे. दोन्ही पक्ष बाळाचाच दाखला देत होते. एक म्हणे, बाळास आनंदी बाप हवा. दुसरा म्हणे, बाळास दूध हवे.

आमचे मत असे की जन्मास न आलेल्या लेकरास कोणत्याही बाजूचा साक्षीदार करू नये. ते काही बोलू शकत नाही, म्हणून त्याच्या नावावर वडीलधारी आपली भीती खपवितात व तरुण आपली हौस खपवितात. बाळाचा हक्क खरोखर कोठे आहे ते पाहावे. अमुक एवढ्या पगारावर त्याचा हक्क नाही, आणि बापाच्या मनासारख्या धंद्यावरही नाही. ज्या तारखेस ते येणार त्या तारखेस आईची नीट काळजी घेतली जावी, घरात धान्य असावे, भाडे भरलेले असावे, आणि आईबापांनी एकमेकांपासून काही लपविलेले नसावे, एवढ्यावर त्याचा हक्क आहे, आणि या हक्कास उशीर चालत नाही. शिक्षक होण्यास मात्र उशीर चालतो. बाळंतपणास तारीख असते, हौसेस नसते. म्हणून आधी तारखेचे काम करावे. यात हौस मारली जाते असे नाही. ती रांगेत एक जागा मागे उभी राहते.

शिक्षकाच्या मार्गाचा हिशेबही डोळे उघडे ठेवून करावा लागतो. बी.एड. चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. तेवढा काळ पगार नाही. पुढे पात्रतेच्या परीक्षा, अभियोग्यता चाचणी, 'पवित्र' या सरकारी व्यवस्थेतून होणारी भरती, ती केव्हा निघेल याची वाट. आणि विनाअनुदानित शाळेत शिरल्यास हाती पडणारी रक्कम किती असते ते शिक्षकांच्या घरांतूनच विचारावे. हे सर्व जाणूनही कोणी त्या वाटेने गेला तर आम्ही त्यास मूर्ख म्हणणार नाही. परंतु पत्नी आठव्या महिन्यात असताना न विचारता, न मोजता त्या वाटेने जाणे हे धैर्य नव्हे.

कोथरूडच्या परिसरात या विषयाचे एक मोठे उदाहरण आहे, आणि तेथे जाणारा प्रत्येक जण त्याच्या पुतळ्यावरून जातो. धोंडो केशव कर्वे हे फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक होते. विधवांसाठी आश्रम काढावा ही त्यांच्या आयुष्याची ओढ. पुण्याबाहेर हिंगणे येथे, ज्यास आता कर्वेनगर म्हणतात, १९०० साली त्यांनी आश्रमासाठी झोपडी उभारली. पण म्हणून त्यांनी कॉलेज सोडले नाही. दिवसा कॉलेजात शिकवावयाचे आणि मग चिखल तुडवीत हिंगण्यास चालत जावयाचे, असा त्यांचा क्रम होता. कॉलेजातून ते निवृत्त झाले १९१४ साली, आणि महिला विद्यापीठ निघाले १९१६ साली. जो मनुष्य पुढे महर्षी म्हणून ओळखला गेला त्यानेही इतकी वर्षे एका हाताने पगार धरून दुसऱ्या हाताने आपले काम उभारले. आणि तरीही त्यांच्या पत्नी आनंदीबाई, ज्यांस लोक बाया म्हणत, त्यांनी संसाराची झालेली ओढाताण 'माझे पुराण' या आपल्या आत्मवृत्तात मोकळेपणाने सांगितली आहे. थोरांच्या चरित्रांचे वाचन करताना त्यांच्या स्वयंपाकघरातून लिहिलेले पुस्तकही शेजारी ठेवावे, असे आम्हांस नेहमी वाटते.

दुसरे उदाहरण कोथरूडच्या कारखानदारीशी जोडलेले आहे. १९६२ साली तेथे किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना निघाला. त्या घराण्याचे मूळ पुरुष लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईस चित्रकला शिकावयास गेले होते. रंगांत त्यांची दृष्टी फसते असे आढळून आल्यावर रंगांची वाट बंद झाली. पण यंत्रांची रेखाचित्रे काढावयास रंग लागत नाहीत. ते त्या विषयाचे शिक्षक झाले. पुढे तेथे त्यांची बढती डावलली गेली, तेव्हा ते नोकरी सोडून बेळगावास गेले. परंतु ते रिकाम्या जागी गेले नाहीत. भावाने चालविलेले सायकलींचे दुकान तेथे आधीपासून होते, आणि मुंबईस नोकरीत असतानाच लक्ष्मणराव त्या दुकानास सायकली पाठवीत असत. धंदा बदलला, पण हातातली विद्या बदलली नाही, आणि पाय ठेवावयाची जागा आधी तयार होती.

प्रत्येकास अशी जागा तयार मिळत नाही, हे आम्ही जाणतो. पंडिता रमाबाईंचे पती १८८२ च्या फेब्रुवारीत वारले तेव्हा त्यांची मनोरमा वर्षाचीही नव्हती. त्या पुण्यास आल्या, पुस्तक लिहून त्याच्या विक्रीतून पैसे उभे केले, व दुसऱ्या वर्षी लेकरास घेऊन वैद्यक शिकण्याच्या हेतूने विलायतेस गेल्या. तेथे कानांचा दोष आड आला आणि वैद्यकाचा बेत सोडून अध्यापनाकडे वळावे लागले. त्यांच्याजवळ पगार नव्हता, दुकान नव्हते, सोबत पाहणारे कोणी नव्हते. अशा स्थितीत उडी घ्यावीच लागते. पण ज्यास घ्यावी लागत नाही त्याने केवळ शोभेसाठी ती घेऊ नये.

त्या रात्री जेवणानंतर दोघांनी एक वही काढली. आम्हीही बसून होतो. तिने तीन तारखा लिहिल्या: बाळंतपणाची, कंपनीकडून मिळणारा पगार संपण्याची, आणि आपल्या पगारी रजेची शेवटची. त्या तीन तारखांमध्ये घर कसे चालेल, एवढाच प्रश्न होता. आहे तसा खर्च चालविला तर पाच महिने निघत होते. मागच्या दिवाळीत हप्त्याने घेतलेली मोटार विकली तर आठ. मोटार विकली. हॉस्पिटलातील स्वतंत्र खोलीचे नाव काढून साध्या खोलीत नोंदविले. ससूनचा विचार निघाला तेव्हा तरुण गप्प झाला, आणि आम्ही त्यास म्हटले की १८६७ पासून त्या रुग्णालयात पुण्याची लेकरे जन्मास येत आहेत, त्यात कमीपणा तो काय? शेवटी तसे करण्याची वेळ आली नाही. पण तो कमीपणा आम्हांसही आतून थोडा वाटला होता, हे येथे कबूल करतो. भविष्य निर्वाह निधीस हात लावावयाचा नाही, असे पत्नीने ठणकावून सांगितले.

मग गावी वडिलांस कळवावयाचे राहिले. हे काम त्यास पत्नीस सांगण्याहूनही कठीण वाटत होते, आणि त्याचे कारण आपल्या गावांनीच ऐकून ठेवावे. पुण्याच्या पगारास आपण मनुष्याच्या अंगचा गुण समजतो. तो आहे तोवर मुलास उपासनेत पुढे बसवितो, त्याच्या बापास मान देतो, आणि तो गेला की पहिला प्रश्न विचारतो, "असे काय केले त्याने?" त्याने काहीही केलेले नसते. हा प्रश्न ऐकावा लागू नये म्हणून कित्येक मुलगे नाताळास गावी येण्याचे टाळतात.

वडिलांनी फोनवर सर्व ऐकून घेतले व फार बोलले नाहीत. चौथ्या दिवशी ते बाजरीचे पोते आणि डिंक घेऊन कोथरूडला आले. संध्याकाळी मुलास ते म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. तुझी आजी पाझर तलावाच्या कामावर पाट्या उचलीत होती, तुझा धाकटा काका तेव्हा तिच्या पोटात होता. सुकडी मिळायची, ती ती आम्हांस द्यायची. जमीन आपलीच होती, पाऊस नव्हता. सगळे गाव त्या कामावर होते आणि कोणी कोणापासून तोंड लपविले नाही. तू मेट्रोत कशाला फिरत बसलास?"

तरुणास याचे उत्तर देता आले नाही. आम्हांस वाटते, उत्तर असे आहे की दुष्काळ सर्वांस एकदम दिसतो, आणि नोकरकपात एकेकास बंद खोलीत बोलावून सांगितली जाते. पण पाऊस पडावयाचा थांबण्यात जितका शेतकऱ्याचा दोष, तितकाच यात नोकराचा. हे वडिलांस सांगावे लागले नाही, ते शहरात राहणाऱ्या आम्हांस त्यांच्याकडून शिकावे लागले.

बाळंतपणाच्या आधी आठ दिवस त्यास भोसरीच्या एका लहान कारखान्यात एक वर्षाच्या कराराचे काम मिळाले. यंत्रे चालविणाऱ्या प्रणालींत चुका शोधावयाचे तेच जुने काम. पगार पूर्वीच्या दोन तृतीयांश. त्याने ते घेतले. शिवाय आठवड्यातून तीन संध्याकाळी तो डहाणूकर कॉलनीत एका शिकवणीवर्गात दहावीच्या मुलांस गणित शिकवितो. त्याचे पैसे फार नाहीत. शिकविणे आपणास खरोखर आवडते, की केवळ आठवणीत गोड वाटते, हे वर्षभर पाहावे आणि मग बी.एड. चा अर्ज भरावा की नाही ते ठरवावे, असा दोघांचा करार आहे. तो त्याच वहीत शेवटच्या पानावर लिहिलेला आहे व खाली दोघांच्या सह्या आहेत. पहिल्या महिन्यात तर त्याचे काही जमेना. मुले गोंगाट करीत. अभियंता असलो म्हणून शिक्षक झालो असे होत नाही, असे तो स्वतःच म्हणाला.

मुलगी झाली. गेल्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा ती साडेतीन महिन्यांची होती. बाप तिला मांडीवर घेऊन मुलांचे पेपर तपासीत होता, आणि लाल शाईचा एक ठिपका तिच्या कुंचीस लागला होता. आई आतून विचारीत होती की गुरुवारी लस टोचावयास न्यावयाचे आहे, त्या दिवशी वर्गास येणार नाही असे कळविले की नाही. त्याने अजून कळविले नव्हते.